पाण्याचा दिवस

डिसेंबरातली रात्र. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते आणि फ्रिजवर ठेवलेला फोन वाजला. कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी कुणाला 'हॅपी बर्थडे सर' म्हणत असणार, म्हणून आधी दुर्लक्ष केलं. नंतर बघितलं तर जर्मनीहून मेल. माझ्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीनं तिथल्या एका प्राध्यापकांना 'उन्हाळ्यात दोन-अडीच महिने तुमच्या प्रयोगशाळेत काम करू द्याल का' असं विचारलं होतं आणि सोबत माझं शिफारसपत्र जोडलं होतं. प्राध्यापकांनी मला थेट लिहिलं होतं, चारच ओळी. पत्र मिळालं, आभारी आहे. तिच्याबद्दल तुम्ही सगळं चांगलंच लिहिलंय. तिचा एखादा प्रयोग फसला असेल, तर तेव्हा तिनं काय केलं, एवढं कळवाल का? खाली नाव, हुद्दा आणि संध्याकाळच्या शुभेच्छा. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील.

मला आठवेना. आठवेना कसलं, मला माहीतच नव्हतं.

कारण ते पत्र मी लिहिलेलंच नव्हतं. तिनंच टाइप करून आणलं होतं. दोन प्रॅक्टिकलच्या मधल्या दहा मिनिटांत, एका हातात चहाचा कागदी कप धरून, मी लेटरहेडवर सही ठोकली होती. आमच्याकडे अशीच पद्धत आहे. मुलं मसुदा आणतात, आम्ही सही करतो, ऑफिसातून शिक्का मारून घ्यायला पाठवतो. मसुदाही वर्षानुवर्षं एकच, एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे पेनड्राइव्हवरून आलेला. मेहनती, प्रामाणिक, शिस्तप्रिय, संघभावनेनं काम करणारी, तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. त्या मोसमात मी अशा अकरा पत्रांवर सह्या केल्या होत्या. एका मुलीच्या पत्रात तर 'शी'च्या जागी शेवटपर्यंत 'ही' राहून गेला होता. मराठीत चालून गेला असता म्हणा. पत्राची पहिली ओळ नेहमीचीच, 'मी हिला गेली दोन वर्षं चांगली ओळखते.' ही ओळ लिहिणारी ती आणि सही करणारी मी. त्यात एक माणूस असा होता की ज्याला खरंच ओळखायचं होतं, आणि तो सात हजार किलोमीटरवर बसला होता.

सोलापुरात तशी ओळखीशिवाय पानाला चुना लागत नाही. गॅसची टाकी, दवाखान्यातला नंबर, लग्नाचं कार्यालय, सगळीकडे पहिला प्रश्न 'ओळखीचं कोण हाय का बघा की'. नव्या शैक्षणिक धोरणानं एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी आणलं, म्हणजे कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, चार क्रेडिट. पहिल्याच वर्षी सगळ्या वर्गाचं ओजेटी चिंचोळीच्या एमआयडीसीत ओळखीवर पार पडलं. कुणाचा मामा क्वालिटी कंट्रोलला, कुणाच्या बहिणीचा दीर स्टोअरमध्ये. यात वाईट काही नाही, ही आपली जुनी सोय आहे. पण ती ओळख घराण्याची असते. अमक्याचा पोरगा, तमक्याची सून. तो पोरगा परीक्षानळी कशी धरतो, हे त्या ओळखीत कुठं येत नाही.

ही मुलगी त्या दिवशी माझ्यासमोर आली ती ओळख नसलेल्या घरातून. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर नगरात राहते. आई विड्या वळते, वडील एका डाईंगमध्ये टॉवेलच्या रंगाच्या टाकीवर. घरात तेलुगू, वर्गात मराठी, बसमध्ये कन्नड, आणि आता या मेलसाठी इंग्रजी. तिला परदेशी जायचं वेड कुठून लागलं ते मला नंतर कळलं. वडील ज्या टॉवेलला रंग देतात त्याचे गठ्ठे बाहेरच्या देशात जातात, त्यावर लावायच्या लेबलांचा एक तुकडा त्यांनी तिला लहानपणी आणून दिला होता. ती म्हणाली, 'टॉवेल जातोय मॅडम, तर मी का नाही?' याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

तिनं जे केलं ते मी पुढे नीट विचारून घेतलं, कारण आमच्या स्टाफरूममध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परदेशी उन्हाळी संधींच्या ज्या नावाजलेल्या योजना आहेत, त्यातल्या काहींची दारं ठरावीक बड्या संस्थांच्या मुलांनाच उघडतात. काही सगळ्या कॉलेजांच्या मुलांना खुल्या असतात, पण त्यांचं घड्याळ वेगळं. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंकचंच घ्या. पदवीच्या मुलांसाठी बारा आठवड्यांचं संशोधनाचं काम पुढच्या उन्हाळ्यात, पण अर्जाची मुदत आदल्या सप्टेंबरात संपते. आमच्या नोटीस बोर्डावर त्याचं पत्रक ऑक्टोबरात लागलं. त्याच महिन्यात 'परदेशातील संधी' या विषयावर कार्यक्रमही झाला. प्रमुख पाहुणे डॉ. कोटणिसांवर चाळीस मिनिटं बोलले. 1938 साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात आपल्या सोलापूरचा मुलगा होता, 1942 मध्ये तिथंच गेला. बोलले सुंदर. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून रोज जाणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ज कधी करायचा, हे मात्र कार्यक्रम संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही.

तर या मुलीनं योजना सोडून दिल्या आणि माणसं शोधली. कापूस आणि रंग यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जिथं जिथं आहेत, आखेन, ड्रेस्डेन, स्वीडनचं बोरोस, बेल्जियमचं गेंट, तिथल्या प्राध्यापकांची पानं उघडून बसायची. पहिल्या वीस-पंचवीस मेल तिनं सगळ्यांसारख्याच केल्या, 'रिस्पेक्टेड सर/मॅडम'. एकाचंही उत्तर नाही. आमच्या एका मुलानं तर दोनशे प्राध्यापकांना एकच मेल केली होती आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवर दोनशे नावं लिहून तीच एक पत्रिका घरोघर फिरवावी, तसं. मग हिनं रीत बदलली. आधी त्या माणसाचा एक शोधनिबंध वाचायचा, समजेल तेवढा. त्यातली एखादी गोष्ट खरंच कळली नसेल तर तीच विचारायची. मेल मोठी नाही, फोनच्या पडद्यावर एका नजरेत मावेल एवढी. आणि पाठवायची आपल्या दुपारी एक-दीडला, हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे माणूस सकाळी खुर्चीत बसून पहिला कॉफीचा घोट घेत असताना आपली मेल वर असते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई विड्यांचा माल घेऊन कारखान्यात कुठल्या वेळी गेली की तपासणारा माणूस कमी विड्या बाद करतो, यावरून सुचलं म्हणे. सत्तरेक मेलमध्ये नऊ उत्तरं आली. सात नकार, तेही सभ्य. एकानं विचारलं, पैसे कुठून आणाल? आणि एकानं मला मेल केली.

मधल्या काळात एजंटाकडेही जाऊन आली होती ती, हे तिनं मला जरा खालमानेनं सांगितलं. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर आयफेल टॉवर. 'युरोप इंटर्नशिप, शंभर टक्के गॅरंटी', फी पंच्याऐंशी हजार, निम्मी आधी. तिच्या वडलांनी आयुष्यात एसीत बसून एकच गोष्ट केली असेल, म्हणजे बँकेत पासबुक भरलं असेल. ते तिथून निघताना पाया पडायचेच बाकी होते. नशीब, पोरीनं घरी येऊन चौकशी केली. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र खात्याकडे नोंदणी लागते, 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली, आणि तो सेवाशुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, 'सर आल्यावर सांगते.' सर काही आले नाहीत. 2022 मध्ये थायलंडच्या नोकरीच्या आमिषानं गेलेली आपली पोरं म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबली गेली होती, तेव्हा सरकारनं इशारा काढला होता. तो इशारा कॉलेजात कुणी वाचून दाखवला असता तर कोटणिसांच्या भाषणाइतकाच उपयोगी पडला असता.

जाता जाता माझा स्वतःचा एक फसलेला प्रयोग सांगते. आयएईएसटीई नावाची एक जुनी व्यवस्था आहे, 1948 मध्ये लंडनला सुरू झाली. तिचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो आपल्या आहेरासारखा आहे. तुम्ही परदेशी मुलांसाठी तुमच्याकडे जितकी कामं काढाल, तितक्या जागा तुमच्या मुलांना तिकडे. मी मनातल्या मनात म्हटलं, सोलापुरातले चार टॉवेलवाले तयार झाले तर आपण कुणाकडे तरी जाऊन बोलू तरी शकतो. अक्कलकोट रोडच्या एका कारखानदारांना भेटले. त्यांनी मला चहा पाजला, नवे जॅकार्ड दाखवले, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'कधी येणार पोरगं?' म्हटलं, उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये. 'मे महिन्यात? सोलापुरात? मॅडम, वितळंल की वो ते.' आणि मग गंभीर होऊन म्हणाले, 'राहायला माझ्या घरी ठेवतो. जेवायचं काही नाही. पण त्याला शिकवणार काय आम्ही?' मी म्हटलं, तुम्ही चाळीस वर्षं टॉवेल करताय. ते हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय.

आता 1997 सांगायला हवं. टाळत होते.

मी स्वतः एम.एस्सी.ला होते. आमच्या मार्कलिस्टवर तेव्हा शिवाजी विद्यापीठ असायचं, सोलापूरचं विद्यापीठ 2004 मध्ये झालं. लायब्ररीत रंगरसायनाची जुनी जर्नलं बांधून ठेवलेली होती, धूळ अशी की पान उलटलं की शिंक. त्यातल्या लेखांखाली लेखकांचे पत्ते असत. लीड्स, मँचेस्टर. मी पाच पत्रं लिहिली, हातानं, एअरमेलच्या पातळ कागदावर, आणि हेड पोस्टातून आंतरराष्ट्रीय उत्तरकूपनं घेऊन प्रत्येकात एक घातलं, म्हणजे उत्तराचा टपालखर्च त्यांच्यावर पडू नये. पोस्टमास्तरांना ती कूपनं कपाटातून शोधून काढावी लागली. तीन महिन्यांनी एक उत्तर आलं. आठ आठवडे येऊ शकता, पगार नाही, वसतिगृहात खोली मिळेल. ते पाकीट मी अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घातली, आणि विचारलं, 'तिथं आपलं ओळखीचं कोण आहे?'

कुणी नव्हतं. विषय संपला. अण्णा ओरडले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पुढे कैक वर्षं मी हा किस्सा असा सांगत आले की घरच्यांनी जाऊ दिलं नाही, आणि ऐकणारे हळहळतात. पण त्या संध्याकाळी गच्चीवर गेल्यावर मला काय वाटलं होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हायसं वाटलं होतं. पुण्याला पासपोर्टच्या रांगेत उभं राहायचं नाही, ट्रान्स्क्रिप्टसाठी कोल्हापूरला खेटे घालायचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे तिथं जाऊन आपल्याला काही येत नाही हे कुणाला कळणार नाही. पत्रात मीही स्वतःबद्दल सगळं चांगलंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत गेले. मुलगी आलेली नव्हती, कुंभारीची बस उशिरा. आमचे लॅबमधले मामा बीकर विसळत होते. मी सहज विचारलं, ही टॉवेलवाली मुलगी कशी आहे हो कामाला? मामांनी हात पुसले. म्हणाले, 'कोण, ती रंगवाली? लई चिवट पोरगी. दिवाळीच्या आधी बघा, एकच तुकडा तीन-तीन दिवस रंगवायली होती. एक दिवस झाक येती, दुसऱ्या दिवशी ठिपके. रडली एकदा बेसिनपाशी. मग मला म्हणाली, मामा, तुमचं कॅलेंडर द्या.'

'कॅलेंडर कशाला?'

मामांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं दर चार-पाच दिवसांनी एका तारखेभोवती निळ्या पेनानं गोल आणि आत 'पा'. महापालिकेचं पाणी आलेला दिवस. त्या दिवशी टाक्या भरायच्या, ते पाणी दोन दिवस पुरतं, पुढे बोअरचं चालू करायचं. सोलापुरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात असं कॅलेंडर असतं, माझ्याही आहे. तिनं आपली वही त्या कॅलेंडरशेजारी ठेवली होती. ज्या दिवशी झाक सारखी आली ते सगळे 'पा' आणि त्याच्या लगतचे दिवस. ठिपके पडले ते सगळे बोअरचे. डिस्टिल्ड वॉटर आम्ही टायट्रेशनपुरतं देतो, रंगाच्या कामाला बादल्यांनी पाणी लागतं, ते नळाचंच. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रंगाला धरून बसतं, त्याच्या गुठळ्या होतात, रंग सुतात सारखा शिरत नाही. मी दरवर्षी जुलैमध्ये पाण्याचा कठीणपणा शिकवते. ईडीटीएचं टायट्रेशन, वाइन रेडवरून निळा, काढा हिशेब. माझ्याच प्रयोगशाळेत तीन आठवडे एक पोरगी त्याच कठीणपणाशी झगडत होती आणि मी शेजारच्या खोलीत सह्या करत होते.

ती आल्यावर तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, 'तुम्ही कामात होता मॅडम. आणि चुकलेलं काय सांगायचं?' जर्नलमध्ये तिनं फक्त नीट आलेल्या नमुन्यांचे तुकडे चिकटवले होते. ठिपक्यांचे कुठंयत? बॅगेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. सगळे जपून ठेवले होते, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, तारीख आणि 'बोर'. मग हसून म्हणाली, 'घरी नानांना दाखवलं तर ते म्हणले, बोरच्या पाण्याला हे होतंयच, मला विचारायचं की. त्यांच्या डाईंगमध्ये पाण्यात आधी पावडर टाकत्यात. मी तीन आठवडे घालवले, आणि नानांना ते वीस वर्षांपासून माहीत होतं.'

त्या रात्री मी उत्तर लिहिलं. आधी सवयीनं 'मेहनती, प्रामाणिक' आलंच बोटांतून, ते खोडलं. मग कॅलेंडर लिहिलं, मामा लिहिले, निळे गोल लिहिले, चिठ्ठ्या बांधलेले तुकडे लिहिले. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही हे लिहिताना हात जरा अडखळला, परक्या माणसाला घरातली भांडी दाखवल्यासारखं वाटलं. ते तसंच ठेवलं. रडली होती हे लिहिलं नाही. शेवटी हेही लिहिलं की हे सगळं मला तुमची मेल आल्यावर कळलं. ही ओळ दोनदा काढली, दोनदा घातली. मग पाठवून दिली आणि फोन उलटा करून ठेवला.

होकार आला तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरला होता. मेच्या मध्यापासून दहा आठवडे, राहण्याखाण्यापुरता भत्ता. कागदांची रांग त्यानंतरची. पासपोर्ट आता सोलापुरातच पोस्टात होतो, दीड हजार रुपये, ते तिनं आधीच उरकलं होतं. परदेशी विद्यार्थ्याला अभ्यासाशी निगडित अशा कामासाठी जर्मनीच्या रोजगार खात्याची संमती लागते, ती तिकडून मिळवतायत. मग विमा, बँकेचं स्टेटमेंट, व्हिसाची तारीख. तिकिटासाठी आईनं भिशी उचललीय. मला ऑफिसातून बोनाफाईड आणि ना-हरकत काढून द्यायचं होतं. त्यासाठी मात्र मला क्लार्कशी ओळख काढावी लागली, हे नमूद करून ठेवते.

यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील कॉलेजात आले. धुतलेला पांढरा सदरा, नखांच्या कडांना निळा रंग, तो कशानंच जात नाही. खुर्चीवर बसेनात, उभेच. मुलगी बाजूला. मी मनाशी तयारीत होते. अण्णांच्या त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर मी गेले आठ दिवस जुळवत होते. तिथलं वसतिगृह, भारतीय मुलांचा ग्रुप, प्राध्यापकांचा फोन नंबर, सगळं एका कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद मी पुढे सरकवला. त्यांनी घेतला, बघितला, खिशात ठेवला. जरा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले,

'मॅडम, तिथलं पाणी कसं असतंय? हलकं का जड?'

मला माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, 'विचारलंय नाना मी. मोजून कळवतो म्हणालेत.'